परिचारिकांचे आश्रयदाते संत कॅमिलस दे लेलिस

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कॅमिलस दे लेलिस यांचा सण साजरा करते. रुग्ण, रुग्णालये आणि परिचारिका या सर्वांचे ते आश्रयदाते संत आहेत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुली आणि अलीकडे मुलगेही नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत. पहिल्याच वर्षी त्यांच्या हाती शरीररचनेचे जाडजूड पुस्तक पडते. हाडांची नावे, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडाचे कार्य, रोगांची लक्षणे आणि औषधांच्या मात्रा यांच्या पाठांतरात दिवस जातात. हे सारे ज्ञान आवश्यकच आहे. परंतु ज्या संताच्या नावे त्यांच्या व्यवसायाला ख्रिस्तसभेने आशीर्वाद दिला, त्याने हे धडे पुस्तकातून घेतले नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या देहावर लिहिले गेले होते. या विद्यार्थ्यांसाठी आणि घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबासाठी आम्ही हे चरित्र थोडक्यात सादर करीत आहोत.

बालपण आणि भरकटलेले तारुण्य

इटलीच्या आब्रुझी प्रदेशातील बुक्यानिको या गावी २५ मे १५५० रोजी कॅमिलस यांचा जन्म झाला. त्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण होता. आई कॅमिला यांना हे अपत्य उतारवयात झाले. बाळाच्या जन्मापूर्वी त्यांना एक स्वप्न पडले होते अशी परंपरा आहे. छातीवर लाल क्रूस असलेला एक मुलगा तशाच क्रूसधारी मुलांच्या पुढे चालला आहे, असे ते दृश्य होते. आपला मुलगा दरोडेखोरांचा म्होरक्या होणार की काय, या धास्तीने त्या माउलीचे मन कासावीस झाले. कॅमिलस लहान असतानाच आई देवाघरी गेली.

वडील जोव्हानी हे सैन्यातील अधिकारी होते. त्यांचे बरेचसे आयुष्य छावण्यांत गेले. मुलगाही त्याच वळणावर गेला. कॅमिलस अंगापिंडाने धिप्पाड होते. त्यांची उंची साडेसहा फुटांच्या आसपास होती. तुर्कांविरुद्धच्या लढाईसाठी व्हेनिसच्या सैन्यात भरती होण्यास बापलेक निघाले, पण वडील वाटेतच आजारी पडून मरण पावले. त्याच सुमारास कॅमिलस यांच्या पायाला घोट्याजवळ एक जखम झाली. ती चिघळली, वाहू लागली आणि पुढे जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिली.

त्या जखमेवरील उपचारासाठी १५७१ मध्ये ते रोमला सान जाकोमो या रुग्णालयात आले. बरे न होणाऱ्या रोगांनी ग्रासलेल्यांसाठी ते रुग्णालय होते. उपचाराच्या बदल्यात त्यांनी तेथे नोकर म्हणून काम करायचे होते. परंतु त्यांना पत्त्यांचा आणि फाशांचा नाद होता, स्वभावही तापट होता. जुगार आणि भांडणे यांमुळे काही महिन्यांतच त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. पुढे ते पुन्हा सैन्यात गेले. १५७४ च्या अखेरीस नेपल्स येथे जुगारात त्यांनी हाती असलेले सारे घालवले. अंगावरचा सदराही त्यात गेला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

मान्फ्रेदोनियाच्या वाटेवर

ज्याने तलवार गाजवली होती त्याच्यावर आता चर्चच्या दाराशी हात पसरण्याची पाळी आली. मान्फ्रेदोनिया गावात कॅपुचिन संन्यासी आपला मठ बांधत होते. कुणा भल्या गृहस्थाने कॅमिलस यांना तेथे मजुरी मिळवून दिली. गाढवांवरून चुना, दगड आणि पाणी वाहून आणायचे, हे काम. गावातील पोरे त्यांची टिंगल करीत. जुने सोबती पुन्हा जुगाराकडे ओढू पाहत. तरीही ते टिकून राहिले.

एकदा कामानिमित्त त्यांना सान जोव्हानी रोतोंदो येथील मठात पाठवण्यात आले. पुढे संत पाद्रे पिओ यांच्यामुळे जगभर प्रसिद्ध झालेले गाव ते हेच. तेथील मठप्रमुख फादर आंजेलो यांनी त्या रात्री या दांडग्या मजुराला जवळ बसवून देवाविषयी मोजक्या शब्दांत सांगितले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, परतीच्या वाटेवर ते शब्द कॅमिलस यांच्या मनात घोळत राहिले. एकाएकी ते खाली उतरले, खडकाळ वाटेवर गुडघे टेकले आणि आपल्या पूर्वायुष्याबद्दल ओक्साबोक्शी रडू लागले. त्या दिवशी प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण होता. कॅमिलस यांनीही आपले उरलेले आयुष्य देवाला समर्पित केले. तेव्हा ते पंचविशीलाही पोहोचले नव्हते.

जखमेने अडवलेली वाट

कॅपुचिन संन्यासी व्हावे, एवढीच आता त्यांची इच्छा होती. त्यांना प्रवेशही मिळाला. परंतु खरखरीत झग्याच्या घर्षणाने पायाची जखम पुन्हा उघडली. अशा प्रकृतीच्या माणसाला संन्यस्त जीवन झेपणार नाही, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. ते पुन्हा सान जाकोमोमध्ये आले, बरे झाल्यासारखे वाटल्यावर पुन्हा मठात गेले, जखम पुन्हा चिघळली आणि मठाचे दार कायमचे बंद झाले. ज्या व्रणाने त्यांना मठाबाहेर ठेवले त्यानेच त्यांना रुग्णालयात ठेवले. देव एखादी वाट अडवतो तेव्हा बहुधा दुसऱ्या वाटेचे दार आधीच किलकिले करून ठेवतो, हे सत्य कॅमिलस यांना उमगायला काही वर्षे लागली.

ज्या रुग्णालयातून त्यांना एकेकाळी हाकलले होते, तेथेच ते आता प्रामाणिक सेवक म्हणून नावाजले गेले आणि कालांतराने तेथील व्यवस्थापक झाले. रोमचे थोर संत फिलिप नेरी हे या काळात त्यांचे पापनिवेदन ऐकणारे आध्यात्मिक गुरू होते.

त्या काळचे रुग्णालय

आजच्या विद्यार्थ्यांना त्या काळच्या रुग्णालयाची कल्पना येणे कठीण आहे. व्हेसेलियस यांचा मानवी शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अवयव कोठे आहेत हे विद्वानांना ठाऊक होऊ लागले होते, पण ते कसे चालतात हे पुष्कळसे अंधारात होते. हृदय रक्त पंपाप्रमाणे सर्वत्र फिरवते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. तोवर कॅमिलस यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. रोगजंतूंचा शोध तर एकोणिसाव्या शतकातला. सान जाकोमोमध्ये उपदंशाच्या रोग्यांना अमेरिकेतून आणलेल्या ग्वायाकम नावाच्या लाकडाचा काढा देत, आणि तोच उत्तम उपाय समजला जाई.

औषधे अपुरी होती हे खरे, पण रुग्णांची खरी दैना सेवेअभावी होत होती. वॉर्डातली कामे करणारी माणसे तुटपुंज्या मजुरीवर, नाइलाजाने तेथे राबत. हातपाय हलवू न शकणारा रोगी आपल्याच घाणीत पडून राही. अन्न समोर ठेवले जाई, पण भरवायला कोणी नसे. मरणासन्न माणसाला धर्मगुरू आणि संस्कार न मिळताच प्राण सोडावे लागत. काही वेळा तर पुरता प्राण गेला की नाही याची खात्री न करताच देह दफनासाठी उचलला जाई.

कॅमिलस हे सारे पाहत होते. पगारासाठी कामावर येणाऱ्याला शिस्त लावता येईल, पण त्याच्या मनात माया कशी उत्पन्न करणार, हा प्रश्न त्यांना छळत होता. १५८२ च्या ऑगस्टमध्ये, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, त्यांना एका रात्री कल्पना सुचली. केवळ देवाच्या प्रेमाखातर, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता रुग्णांची सेवा करणाऱ्या माणसांचा एक गट उभारावा. रुग्णालयाच्या कारभाऱ्यांनी संशय घेतला, विरोध केला, प्रार्थनेची त्यांची छोटी खोली मोडून टाकली. त्या निराशेच्या काळात क्रूसावरील प्रभूने आपले हात क्रूसापासून सोडवून आपल्याला धीर दिला आणि हे कार्य आपले स्वतःचे आहे याची ग्वाही दिली, असा अनुभव त्यांना आला. तो क्रूस रोममधील संत मारिया माग्दालेना चर्चमध्ये आजही श्रद्धेने जतन केला आहे.

गुरुदीक्षा आणि लाल क्रूस

रुग्णांना संस्कार देता यावेत म्हणून धर्मगुरू व्हावे, असे कॅमिलस यांनी ठरवले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी हा सहा फुटांहून उंच माणूस येशूसंघीयांच्या रोममधील महाविद्यालयात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवू लागला. १५८४ मध्ये इंग्लंडमधून परागंदा झालेले बिशप थॉमस गोल्डवेल यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्यांनी रुग्णसेवेचे नियम लिहून काढले. एकुलत्या एका आजारी मुलाची आई जशी काळजी घेते, तशी माया प्रत्येक सेवकाने देवाकडे मागावी, हा त्या नियमांचा गाभा आहे. मात्र ते मायेपाशी थांबले नाहीत. बिछाना कसा घालावा, रोग्याला कसे भरवावे, स्वच्छता कशी राखावी, याकडे त्यांनी बारकाईने लक्ष पुरवले. मोकळी हवा, रोग्याला मानवणारा आहार आणि संसर्गजन्य रोग्यांना वेगळे ठेवणे यांबाबत ते आग्रही होते. जंतूंचे नावही जगाला ठाऊक नसताना केवळ निरीक्षणाच्या बळावर ते येथवर पोहोचले होते.

टायबर नदीकाठचे सान्तो स्पिरितो हे रोममधील भव्य रुग्णालय पुढे त्यांची मुख्य कर्मभूमी झाली. १८ मार्च १५८६ रोजी पोप सिक्स्तुस पाचवे यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी जूनमध्ये काळ्या झग्यावर लाल क्रूस धारण करण्याची परवानगी दिली. आईच्या स्वप्नाचा उलगडा असा झाला. १८६३ मध्ये जिनिव्हा येथे सुरू झालेल्या रेड क्रॉस संस्थेशी या क्रूसाची पुष्कळदा गल्लत होते. त्या संस्थेचे चिन्ह स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून घेतलेले आहे; दोन्हींचे कूळ वेगळे. तरीही रणांगणावरील जखमींच्या सेवेसाठी कॅमिलस यांनी १५९५ आणि १६०१ मध्ये हंगेरीतील युद्धभूमीवर आपले लाल क्रूसधारी बंधू पाठवले होते, ही नोंद महत्त्वाची आहे.

१५९१ मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी या संघाला संन्यस्त संघाचा पूर्ण दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर त्यांनी चौथे व्रत घेतले : जिवावर बेतले तरी रुग्णांची सेवा करण्याचे.

पाच दुखणी, पाच धडे

संत कॅमिलस यांना आयुष्यभर पाच दुखण्यांनी सोबत केली. ही दुखणी म्हणजे देवाने आपल्यावर केलेली दया आहे, असे ते मानीत. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी ती एकेक करून पाहावीत.

पहिले दुखणे पायाच्या व्रणाचे. ते त्यांनी ४६ वर्षे सोसले. पायातील रक्त हृदयाकडे वर चढवणाऱ्या शिरांना झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त पायात साचते, त्वचेचे पोषण खुंटते आणि साधा ओरखडाही भरून येत नाही. मधुमेह, धमन्यांतील अडथळा किंवा हाडापर्यंत गेलेला संसर्ग यांमुळेही जखम वर्षानुवर्षे वाहते. आज स्वच्छ ड्रेसिंग, पाय उंचावर ठेवणे, पायाचा रक्तपुरवठा तपासून मग आवळपट्टी बांधणे, साखर ताब्यात ठेवणे आणि प्रथिनयुक्त आहार हे उपाय आहेत. पण जखमेच्या दुर्गंधीने माणूस लोकांपासून दूर होत जातो. ड्रेसिंग करताना नाक न मुरडणारी परिचारिका त्याला पुन्हा माणसांत आणते.

दुसरे दुखणे अंतर्गळाचे, म्हणजे हर्नियाचे. ते त्यांनी ३८ वर्षे सोसले. पोटाच्या स्नायूंची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुधा जांघेत, दुबळी होते आणि आतील आतड्याचा भाग बाहेर डोकावतो. आज शस्त्रक्रिया करून, गरजेनुसार जाळी बसवून, ती भिंत मजबूत करतात. बाहेर आलेले आतडे अडकून पडले, फुगवटा कडक व दुखरा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर तो तातडीचा प्रसंग असतो. थोडाही विलंब न लावता डॉक्टरांना कळवावे लागते. अशा देहाने कॅमिलस धडधाकट माणसांना उचलून या खाटेवरून त्या खाटेवर ठेवीत असत.

तिसरे दुखणे तळपायावरील दोन क्षतांचे. एक पाय दुखरा असला की चाल बदलते, भार भलतीकडे पडतो आणि तळव्याला घट्टे व क्षते पडतात. तळपाय हा शरीराचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मधुमेही रोग्याला तेथील जखम जाणवतही नाही, म्हणून त्याचे पाय रोज पाहण्याची सवय लावावी लागते. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, हे अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

चौथे दुखणे मुतखड्याचे. लघवीतील क्षार मूत्रपिंडात साचून त्यांचे खडे होतात. खडा मूत्रवाहिनीत उतरला की कमरेपासून जांघेपर्यंत असह्य कळा येतात. रोग्याला कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही. वेदनाशामक औषध, पुरेसे पाणी, लघवीचे मोजमाप आणि ताप येतो का यावर लक्ष, ही परिचारिकेची कामे. ज्याने ही कळ स्वतः सोसली आहे तो, रोगी उगाच आरडाओरडा करतो, असे कधीही म्हणणार नाही.

पाचवे दुखणे पोटाचे. अखेरच्या काळात त्यांची अन्नावरची वासना गेली होती, खाल्लेले टिकत नसे. जेवणाचे ताट जसेच्या तसे परत गेले तर ती नोंद औषधाइतकीच महत्त्वाची असते. थोडे थोडे, वारंवार, रोग्याच्या आवडीचे आणि तोंड स्वच्छ करून भरवणे, ही शतकानुशतकांची सेवा आजही बदललेली नाही.

इतके सारे असूनही कॅमिलस कुणाला आपल्या उशाशी बसू देत नसत. इतर रुग्णांकडे जा, म्हणून त्यांना पाठवून देत. चालता येईनासे झाले तेव्हा ते रात्री अंथरुणातून उतरून खाटांचा आधार घेत, सरपटत एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जात आणि काही हवे आहे का, हे पाहत. एकदा ते रोग्याला भरवत असताना रुग्णालयाच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांचे बोलावणे आले. आपण सध्या प्रभू येशूच्या सेवेत गुंतलो आहोत, ती आटोपल्यावर येऊ, असा निरोप त्यांनी नम्रपणे पाठवला. रोग्याच्या ठायी ख्रिस्त आहे, हे त्यांच्यासाठी प्रवचनातले वाक्य नव्हते.

साथी, पूर आणि अखेरचा श्वास

१५८८ मध्ये कॅमिलस आपल्या बारा सोबत्यांसह नेपल्सला गेले. साथीचा रोग पसरलेल्या काही जहाजांना तेथे बंदरात येण्यास मनाई होती. खलाशी जहाजातच तडफडत होते. कॅमिलस यांचे बंधू त्या जहाजांवर चढले. दोघांना लागण होऊन मृत्यू आला. या संघाचे ते पहिले सेवाहुतात्मे. चौथे व्रत कागदावर येण्यापूर्वीच ते रक्तामांसात उतरले होते. २०२० च्या कोविड साथीत संरक्षक पोशाखात घामाने निथळत, घरच्यांपासून दूर राहून ज्या परिचारिकांनी सेवा केली, त्यांना या बंधूंचा त्याग समजावून सांगण्याची गरज नाही.

१५९८ च्या नाताळच्या सुमारास टायबर नदीला महापूर आला. पाणी सान्तो स्पिरितोच्या तळमजल्यावर शिरले. कॅमिलस आणि त्यांच्या सोबत्यांनी रात्रभर एकेका रोग्याला खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर पोहोचवले. त्या खांद्यांमागे तेव्हा तीसहून अधिक वर्षांची पायाची जखम होती.

मरणासन्न रुग्णांविषयी त्यांनी घालून दिलेली एक पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. श्वास थांबल्यासारखा दिसला तरी निदान पाव तास प्रार्थना चालू ठेवावी आणि चेहरा लगेच झाकू नये, असा त्यांचा दंडक होता. स्टेथोस्कोपचा शोध १८१६ मधला. त्याच्या दोन शतके आधी, एखादा जिवंत माणूस चुकून पुरला जाऊ नये यासाठी त्यांनी योजलेला हा साधा उपाय होता. आत्म्यासाठीची प्रार्थना आणि देहासाठीची दक्षता त्यांनी एकाच पाव तासात गुंफली.

१६०७ मध्ये त्यांनी संघाचे प्रमुखपद स्वेच्छेने सोडले आणि ते साधे रुग्णसेवक म्हणून राहिले. १४ जुलै १६१४ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, रोम येथे त्यांनी शांतपणे देह ठेवला. संत मारिया माग्दालेना चर्चमध्ये ते चिरविश्रांती घेत आहेत. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४६ मध्ये त्यांना संतपद बहाल केले. १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी संत जॉन ऑफ गॉड यांच्यासमवेत त्यांना रुग्ण व रुग्णालयांचे, तर १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांचा संघ आज भारतासह अनेक देशांत रुग्णांची सेवा करीत आहे.

आपल्यासाठी बोध

संत कॅमिलस यांच्याकडे केवळ दयाळूपणा असता, तर ते एक भले गृहस्थ म्हणून विसरले गेले असते. त्यांनी दयेला नियमांची, निरीक्षणाची आणि कष्टांची जोड दिली. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, अभ्यासात कुचराई करू नका. औषधाची मात्रा चुकली तर नुसती माया रोग्याला वाचवू शकत नाही. आणि अभ्यास पुरा झाला, हाती प्रमाणपत्र आले की, खाट क्रमांकाच्या मागे एक नाव आहे हे विसरू नका. नाडी मोजणाऱ्या बोटांत काळीज उतरले पाहिजे, हाच कॅमिलस यांचा आग्रह होता.

ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील अंथरुणावर आहेत, त्यांनीही या संताला आपल्या प्रार्थनेत स्थान द्यावे. कूस बदलणे, अंग पुसणे, चमच्याने पेज भरवणे, ही कामे कुणी पाहत नाही, देव पाहतो. आणि जे स्वतः दीर्घ दुखण्याने खचले आहेत, त्यांनी ४६ वर्षे न भरलेली ती जखम आठवावी. ती कधीच बरी झाली नाही, पण तिच्यामुळे असंख्य रुग्णांच्या खाटेशी कुणीतरी मायेने बसू लागले.

संत कॅमिलस, आमच्या सर्व रुग्णांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांसाठी प्रभूकडे विनंती करा. आमेन.